मोहाच्या दारूचा जुना इतिहास कोणाले माहीत आहे का?

कुरखेड्याचा पोरगा: आमच्याकडं मोह पडून राह्यला आहे सध्या. काल पहाटे आजीसंग गेलो, झाडाखालचा पाला जाळून जागा आधीच साफ केलेली अन् त्यावर फुलं टपटप, आजी वाकून वेचतच होती ऊन चढेपर्यंत. म्हणे आधी लग्न असो का मयत, मोहाची घरीच काढत, पहिले चार थेंब जमिनीवर देवाले मंग माणसाले. लपवाछपवी नोहती. मंग हा गुन्हा कधीपासून झाला? नाशिकच्या वाईनवर पायजे तितकं वाचाले भेटते, आपल्या मोहावर काहीच नाही.

वैद्यबुवा: लई जुनं आहे भाऊ. चरकसंहितेत मधूकासव येते, मधूक म्हणजे आपला मोहच. पण आसव म्हणजे नुसतं आंबवलेलं, एक प्रकारची वाईनच समजा. सडवा, म्हणजे आंबवलेली मोहफुलं, चुलीवर चढवून वाफ थंड करून धार पाडणं ही वेगळी कला.

तुमसरकर: आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा होता म्हणून सांगतो. इंग्रजांनी १८६१ ला मध्य प्रांत केला, मंग भट्टीचा हक्क लिलावात जाऊ लागला, जो जास्त बोली लावेल त्याची भट्टी, बाकी घरची काढली की चोरी. सगळा खेळ महसुलाचा. तिकडं मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये मोहाचा कायदाच केला, नुसती फुलं जवळ ठेवण्यावरही बंधन! आपण विदर्भवाले १९५६ ला मुंबई राज्यात गेलो अन् त्यांचा १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याही मागं लागला. फुलं वेचण्या-नेण्यावरची बंधनं सरकारनं उठवली ती थेट २०२१ ला.

धानोऱ्याची ताई: इतिहास लिहा, पण आम्हा बायांचंही लिहा. गडचिरोलीत १९९३ ची दारूबंदी उगाच नाही झाली, घरंच्या घरं बुडाली होती, माझं माहेर त्यातलंच. नवसागर टाकून विकतात ते अन् देवाले चढवत ते, एक नोहे. अन् मोह म्हणजे फक्त दारू काहून? उन्हाळाभर आम्ही भाजलेल्या मोहाचे लाडू खाल्ले, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल वापरलं, धान सरलं की हेच पोटाले होतं.

कुरखेड्याचा पोरगा: ताई, खरं आहे, दोन्ही लिहीन. आजीले आता विचारलं तर माळ्यावरून एक मडकं काढून दाखवलं, बाजूले बोटभर भोक आहे, त्यात बांबूची नळी बसवत म्हणे. वाफ थंड कराले वर ठेवलेल्या भांड्यातलं पाणी गरम झालं की बदलाचं, किती वेळा बदललं त्यावरून धार कडक का हलकी ते समजे. ती सांगून राह्यली, मी वहीत उतरवून राह्यलो.