उभी यागी अँटेना फिरवली तरी संकेतात फरक पडत नाही: चूक जोडणीत की उभारणीत?

गच्चीवरचा (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात प्रतापनगर भागात राहतो आणि हौशी रेडिओचा व्हीयू३ मालिकेतील (प्राथमिक श्रेणीचा) परवाना मला अलीकडेच मिळाला आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी मी पाच घटकांची यागी अँटेना (ओळीने सळ्या बसवलेली, एकाच दिशेला रोखायची) घरीच तयार केली. वीस मिलिमीटरच्या चौकोनी अॅल्युमिनियम नळीचा पावणेदोन मीटरचा बूम (सळ्या ज्यावर बसतात तो आडवा दांडा) आणि आठ मिलिमीटरच्या सळ्या इतवारी बाजारातून आणल्या. मागे रिफ्लेक्टर, मग केबल जोडलेली, मध्यभागी तोडलेली सळी म्हणजे डिपोल, आणि पुढे तीन डायरेक्टर अशी रचना असून डिपोल बूमपासून प्लास्टिकच्या तुकड्याने वेगळा ठेवला आहे. रिपीटरवर (संकेत पकडून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर) बोलायचे असल्याने सर्व सळ्या उभ्या आहेत. दीड इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गच्चीच्या कठड्याला बांधून त्याच्या टोकाजवळ, बूमच्या बरोबर मध्यावर, यू-बोल्टने अँटेना बसवली. पाइपचे टोक बूमच्या वर वीतभर येते. खाली खोलीपर्यंत पंचवीस मीटर आरजी-५८ ही बारीक केबल आहे.

खोलीतील मीटर एसडब्ल्यूआर (अँटेनेवरून किती शक्ती परतते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) १.४ दाखवतो, म्हणजे जुळणी चांगली असावी असे मी समजत होतो. परंतु अँटेना रिपीटरकडे रोखली काय आणि पाठमोरी केली काय, संकेत जवळपास तेवढाच येतो, आणि माझा आवाज समोरच्याला खरखरीसह पोहोचतो. सळ्यांची मापे मी तीनदा तपासली आहेत. मग दोष कुठे असावा?

जुना तारवाला

आपण मापे तीनदा तपासलीत, पण पाइपकडे एकदाही संशयाने पाहिले नाहीत, आणि माझ्या मते खरा दोष तिथेच आहे. सळ्या उभ्या आणि पाइपही उभा, म्हणजे ज्या दिशेने विद्युतक्षेत्र डोलते त्याच दिशेने एक लांबलचक लोखंडी वाहक आपण डिपोल आणि डायरेक्टर यांच्या मधोमध आणून ठेवला आहे. त्या वाहकातही प्रवाह निर्माण होतो, तो पुन्हा प्रक्षेपण करतो, आणि सळ्यांची लांबी व अंतर मोजूनमापून जो कला-संबंध (प्रत्येक सळीतील लहरींच्या चढउतारांचा मेळ) जुळवला होता तो विस्कटतो. १९२६ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठात उदा आणि यागी या संशोधकांनी जी रचना मांडली तिचा सगळा प्राण या कला-संबंधातच आहे. रिफ्लेक्टर किंचित लांब आणि डायरेक्टर किंचित आखूड ठेवायचे, इतकेच वरून दिसते, पण मध्ये अनाहूत सहावा घटक आला की ती यागी राहत नाही. सळ्या आडव्या असत्या तर हाच पाइप त्यांना काटकोनात राहिला असता आणि फारसा त्रास झाला नसता. म्हणूनच टीव्हीच्या जुन्या अँटेना पाइपवर मध्येच बांधलेल्या असत.

उपाय असा, की बूम रिफ्लेक्टरच्या मागे अर्धा मीटर वाढवावा आणि पाइपला त्या मागच्या टोकाशी धरावे. वजन पुढे झुकेल, म्हणून बूमच्या मध्यापासून पाइपच्या टोकापर्यंत नायलॉनच्या दोरीचा ताण द्यावा. तारेचा देऊ नये. केबलही डिपोलपासून थेट खाली सोडू नये. ती बूमला धरून मागे रिफ्लेक्टरच्या पलीकडे न्यावी आणि मगच पाइपवरून उतरवावी. डिपोलजवळ केबलचे पाच सेंटीमीटर व्यासाचे चार-पाच फेरे गुंडाळून ठेवावेत, नाहीतर केबलचे बाहेरचे आवरणही अँटेनासारखे वागू लागते.

आता त्या १.४ विषयी. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ मध्ये शंभर मीटरमागे साधारण २० डेसिबल घट होते, म्हणजे आपल्या पंचवीस मीटरमध्ये ५ डेसिबल. रेडिओतून निघालेल्या शक्तीचा एक तृतीयांशही भाग वर पोहोचत नाही. शिवाय अँटेनेवरून परतणारी शक्ती खाली येताना पुन्हा तेवढीच झिजते, त्यामुळे वर एसडब्ल्यूआर ३ असला तरी खोलीत तो १.४ च्या आसपासच दिसतो. थोडक्यात, आपला मीटर अँटेनेची नव्हे तर केबलच्या गळतीची स्तुती करत आहे. मोजमाप वर, अँटेनेच्या अगदी जवळ, हात-दोन हात केबल लावून करावे.

काळी माती

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून लिहितो. बांधलेला पाइप कठड्यावरून बाहेर कोसळला तर तो कुठे पडेल? नागपूरच्या अनेक जुन्या वस्त्यांत विजेच्या तारा गच्चीच्या हातभर अंतरावरून जातात. पाइपची पूर्ण लांबी आणि वर बूमची लांबी मिळून जो टप्पा होतो, त्यात एकही तार येता कामा नये, आणि उभारताना दोन माणसे असावीत.

अर्थिंगही करावे. आपली काळी माती ओली असताना उत्तम वाहक असते, पण मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि अर्थिंगचा रोध वाढतो, त्यामुळे खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. पाइपचे अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेले असावे. दोन सुटी अर्थिंग ठेवली तर वीज कोसळताना त्यांच्यामधला दाब आपल्या रेडिओतून वाट काढतो. इतके करूनही थेट पडलेल्या विजेपुढे त्याचा भरवसा नाही, म्हणून अवकाळीचे ढग दिसण्याआधीच केबल रेडिओपासून काढून खोलीबाहेर ठेवणे हाच खरा बचाव.

अॅल्युमिनियमला तांब्या-पितळेचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, पहिल्याच पावसाळ्यात सांधा पांढरा पडतो. बोल्ट स्टेनलेस वापरावेत. पांढऱ्या केबल-टाय उन्हात वर्षभरात चुरा होतात, काळ्या घ्याव्यात. आणि संक्रांतीनंतर एकदा वर चढून सळ्यांत अडकलेला मांजा काढावा.

गच्चीवरचा

दोघांचेही आभार. रविवारी वर जाऊन मोजले तर एसडब्ल्यूआर खरोखरच २.८ निघाला. बूमला मागे तुकडा जोडून पाइप रिफ्लेक्टरच्या पलीकडे नेला आणि केबलचे फेरे घातले, तेव्हा तो १.६ झाला. आता अँटेना फिरवली की रेडिओच्या मीटरवर संकेत स्पष्टपणे घटतो आणि पाठमोरी केल्यावर रिपीटर जेमतेम ऐकू येतो. मात्र १.६ च्या खाली काही केल्या येत नाही. सळ्या बूमच्या धातूतून आरपार जातात, याचा काही संबंध असेल का?

जुना तारवाला

असू शकतो. धातूच्या बूममधून जाणारी सळी विद्युतदृष्ट्या आखूड भासते, म्हणून तिची लांबी काही मिलिमीटर वाढवावी लागते. आपण वापरलेला आराखडा लाकडी बूमसाठी होता की धातूच्या, हे आधी पाहावे. डिपोलची दोन्ही टोके मात्र समान वाढवावीत किंवा कापावीत, आणि तपासताना अँटेनेचे नाक आकाशाकडे करून रिफ्लेक्टर स्लॅबपासून मीटरभर वर धरावा. पण १.६ वर आठवडे घालवण्यापेक्षा केबल बदलणे अधिक फायद्याचे ठरेल: आरजी-२१३ ही जाड केबल घेतली तर त्याच पंचवीस मीटरमध्ये घट सव्वादोन डेसिबलच्या आसपास राहते, म्हणजे वर पोहोचणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. जोडणीच्या तोंडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी आणि केबल खिडकीत आणण्याआधी खाली एक झोळ सोडावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.