आधी कॅप्चर, मग घिड्रा
एखाद्या उपकरणाचा अनोळखी प्रोटोकॉल (संदेशांची ठरलेली रचना) उलगडायचा तर ‘थेट घिड्रा उघडा’, म्हणजे प्रोग्रामचा कोड उलगडून दाखवणारं साधन वापरा, असा सल्ला मिळतो. तो नवशिक्याला जड जाईल. आधी वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे संदेश टिपणारं साधन) तीच कृती दोनदा कॅप्चर करा, मग एकच गोष्ट बदलून तिसऱ्यांदा. पहिल्या दोन्हींतही वेगळे दिसणारे बाइट्स म्हणजे बहुधा अनुक्रमांक, वेळ किंवा चेकसम (संदेश वाटेत बिघडला का, हे तपासायचा आकडा). फक्त तिसऱ्यात बदलला तो तुमचा डेटा. लांबीचा बाइट हेडर (संदेशाचा सुरुवातीचा ठरावीक भाग) धरून मोजतो की सोडून, हेही तपासा.

खरी दमछाक सीआरसी या चेकसमच्या प्रकारात होते. १६ बिटांचा म्हटला तरी पॉलिनॉमियल (ज्याने भागायचं ती बहुपदी), सुरुवातीची किंमत, बिटांचा क्रम सगळं निरनिराळं. आपला सीआरसी काढणारा कोड १ ते ९ या नऊ आस्की अंकांवर चालवा. मॉडबस या औद्योगिक प्रोटोकॉलचा सीआरसी हेक्समध्ये ४बी३७ यायला हवा. तारेवर मात्र ३७ आधी जातो! हेडर सोडून सगळंच दरवेळी बदलत असेल तर बहुतेक एन्क्रिप्शन आहे. घिड्रा तेव्हा उघडा.