पंचाहत्तर रुपयांचे व्रत: फर्ग्युसनच्या आजीव सभासदांविषयी एक शंका

जिज्ञासू
पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज काढणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या पहिल्या पिढीतील आजीव सभासदांनी, म्हणजे संस्थेला बांधून घेतलेल्या शिक्षकांनी, वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर शिकवण्याचे व्रत घेतले, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मात्र टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली, ती मुख्यतः पैशांच्या प्रश्नावरून, हेही वाचनात येते. ज्यांनी त्याग पत्करला होता, त्यांच्यातच पैशांवरून एवढे भांडण व्हावे, हे कोडे मला उलगडत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नदीपलीकडचा
भांडण पैसे कमी पडल्याचे नव्हते, त्यागाची हद्द कुठवर मानायची याचे होते. १८८५ मध्ये शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले, तेव्हा सरकारी कॉलेजांतील युरोपीय प्राध्यापक याच्या अनेक पट वेतन घेत होते. तेव्हा वेतनापुरता त्याग सर्वांचाच होता. प्रश्न उरला तो शिकवून झाल्यावरच्या वेळेचा. टिळकांचे म्हणणे असे की, सभासदाने जेझुइटांसारखे (संस्थेला सर्वस्व वाहणाऱ्या ख्रिस्ती धर्मसंघातील पाद्र्यांसारखे) राहावे, आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेर काही मिळवले तर तेही संस्थेच्याच तिजोरीत भरावे. उलट आगरकर, गोखले आणि इतरांचे मत असे की, नेमून दिलेले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळेत पुस्तके लिहिणे किंवा वर्तमानपत्र चालवणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्यात सामाजिक सुधारणेवरील मतभेदांची भर होतीच. केसरीचे संपादकपद सोडून आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढला होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे (पुण्यातील राजकीय संस्थेचे) चिटणीसपद स्वीकारले, हे शेवटचे निमित्त झाले. टिळकांचे राजीनामापत्र चांगलेच लांबलचक आहे. ते वाचताना रागापेक्षा हिशेबाचा काटेकोरपणा अधिक जाणवतो. (गणिताचे प्राध्यापक, दुसरे काय होणार!)

पेठेतली वाचक
वरील विवेचन पटले, पण एक बाजू सुटली आहे. व्रत पुरुषांनी घेतले आणि ते निभावले घरातल्या बायकांनी. एम. ए. झाल्यावर आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले होते की, मोठ्या पगाराची आशा धरू नये. हे पत्र आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. कर्ज काढून मुलाला शिकवणाऱ्या घरांत तशा पत्राचा अर्थ काय होत असेल, याचा विचार मात्र सहसा होत नाही. प्राचार्यपदावर असतानाच १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, आगरकर वारले. अंत्यविधीच्या खर्चासाठी त्यांनी वीस रुपये चिठ्ठी लिहून पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी ती पुडी उघडली असेल त्या क्षणी ‘त्याग’ हा शब्द त्यांच्या मनात आला असेल, असे मला वाटत नाही.

नदीपलीकडचा
ताई, मान्य आहे. मात्र हे व्रत पहिल्या पिढीबरोबर संपले नाही, एवढे जोडतो. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झालेले रघुनाथराव परांजपे सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता फर्ग्युसनमध्येच परतले आणि पुढे दीर्घकाळ प्राचार्य राहिले.

जिज्ञासू
दोघांचेही आभार. उत्तरे वाचून मी थोडा शोध घेतला, तेव्हा एक गंमत हाती लागली. टिळक गेल्यावर १८९१ मध्ये गणित शिकवायला गोखल्यांनी धोंडो केशव कर्वे यांना बोलावून घेतले. याच कर्व्यांनी प्राध्यापकी सांभाळून विधवांसाठी आश्रम उभा केला आणि सुटीच्या दिवसांत त्यासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडले. म्हणजे बाहेरची कामे नकोत असा आग्रह धरणाऱ्या गृहस्थांच्याच जागी, बाहेरच्या कामासाठी आयुष्य वाहणारा माणूस येऊन बसला.