मदत हवी आहे: फ्राय पॅनचा दांडा डुगडुगतोय

नमस्कार मंडळी,

घरात सात-आठ वर्षांचा अ‍ॅल्युमिनियमचा जाड फ्राय पॅन आहे. कोटिंग अजून शाबूत, धिरडी सुरेख सुटतात, म्हणून टाकवत नाही. पण काळा बॅकेलाइटचा दांडा आता इतका हलतो की काल तेलासकट पॅन हातात गर्रकन फिरला. थोडक्यात वाचले.

दांड्याच्या टोकाकडून एक लांब स्क्रू आत जातो आणि पॅनला जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात बसतो. आधी नुसता आवळला की महिनाभर टिकायचा. आता कितीही फिरवा, फिरतच राहतो, म्हणजे आतले आटे गेलेत. स्प्रिंग वॉशर घालून पाहिला, चार दिवस टिकला. आमच्या ह्यांनी एम-सील भरलं, तेही गॅसच्या धगीने सुटलं. (मी आधीच सांगितलं होतं, असो.)

आता प्रश्न असा: भोक थोडं मोठं करून, नवे आटे पाडून एक साइज जाड स्क्रू बसवता येईल का? की अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने पुन्हा तेच होईल? आरपार नट-बोल्ट टाकावा तर बॅकेलाइट तडकेल अशी भीती वाटते. रिव्हेट मारायचे तर पॅनला भोक पडणार आणि कोटिंग जाणार, ते नकोच.

कुणी स्वतः केलंय का? पुण्यात कुकरचे दांडे बदलून देणारे कारागीर असं काम घेतात का, साधारण किती घेतात?

तोवर धिरडी लोखंडी तव्यावर. चिकटतायत.