ए-2 लेदर जॅकेट कमरेपाशीच संपलं पाहिजे. पटत नसेल तर बोला

टिळकवाडीकर

डिसेंबर लागला की बेळगावच्या कॅम्पात सकाळी चहाच्या गाड्यांभोवती तपकिरी लेदर जॅकेटं दिसायला लागतात. हौसेला मोल नाही, मान्य. पण बघावं तर खांदा दंडावर उतरलेला, कमरेची रिब (विणलेली, ताणणारी पट्टी) पार पँटच्या खिशांच्या खाली, आणि पाठीवर हवा भरलेली. थोरल्या भावाचं मागून आणल्यासारखं. याला कारण दुकानदार. "एक साइझ मोठं घ्या की दादा, आत स्वेटर बसेल" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता मूळ जॅकेट काय होतं ते बघा. ए-2 अमेरिकी सैन्याच्या हवाई विभागाने 1931 साली मंजूर केलं. समोर चेन, झाकणाचे दोन खिसे, खांद्यावर पट्ट्या, कॉलरची टोकं खाली बसवायला टिच बटणं, गळ्याशी हुक, मनगटाला आणि कमरेला लोकरी रिब. अधिकारी ते शर्ट-टायवर घालायचे. उंचावर गोठवणाऱ्या थंडीत उडायचं तर मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचं बी-3 वेगळं होतं. म्हणजे ए-2 च्या आत जाड स्वेटर कोंबायचा, हा विचारच त्याच्या बेतण्यात नाही.

म्हणून माझं म्हणणं: खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच हवी, अर्धा इंचही खाली नको. छातीला अंगाच्या मापापेक्षा साधारण चार इंच जास्त. 40 छाती असेल तर जॅकेट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत 22 इंचांच्या आसपास भरलं पाहिजे. रिब पँटच्या पट्ट्यावर टेकली पाहिजे, पट्टा झाकून खाली गेली की ते ए-2 राहिलं नाही. बाही तेवढी नवीन असताना जरा लांब चालेल, कारण कोपरात वळ्या पडल्या की ती वर चढते. आणि नवीन जॅकेट घट्ट वाटलं तर घाबरू नका, लेदर आहे, वापरून सैल पडतं.

निपाणीकर

सगळं वाचलं. एकच विचारतो, 1931 ची पँट कुठं नेसली जायची? बेंबीवर! तेव्हाचं आखूड जॅकेट आणि उंच पँट यांची गाठ पडायची. आज जीन्स बेंबीच्या चार बोटं खाली. तुमच्या हिशेबाने जॅकेट घातलं की मधे शर्टाची पट्टी लोंबते, खाली वाकलं की मागच्या सगळ्या दुनियेला पाठ दिसते. मग जॅकेट दोन इंच लांब घेतलं तर कुठं आभाळ कोसळलं?

आणि "खरं ए-2" म्हणजे कुठलं? 1988 साली अमेरिकी हवाई दलाने ते परत सुरू केलं तेव्हा शेळीच्या कातड्याचं केलं आणि अंगानेही मोकळं ठेवलं. ज्यांचं जॅकेट त्यांनीच सैल केलं, आणि आपण निपाणी-बेळगावात बसून घट्टचा आग्रह धरायचा?

टिळकवाडीकर

1988 चं मला माहीत आहे. पण दुकानात पाटी काय असते? "व्हिंटेज". व्हिंटेज म्हणून पैसे घेणार तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलाच बेत द्या. आणि पँटीचं म्हणाल तर औषध सोपं आहे, उंच कमरेची पँट शिवून घ्या. जॅकेट लांब करण्यापेक्षा पँट वर घेतलेली काय वाईट?

निपाणीकर

एका जॅकेटासाठी सगळ्या पँटी नव्या शिवू? बायको घरात घेईल का ते आधी बघतो.

सांबऱ्याचे काका

हवाई दलातून निवृत्त झालोय. सुरुवातीचं ट्रेनिंग आपल्या सांबऱ्याच्याच एअरमन ट्रेनिंग स्कूलमध्ये. आधीच सांगतो, मला कुणी लेदर जॅकेट दिलं नव्हतं, एअरमनला ओव्हरऑल मिळतो आणि त्यावर ग्रीस. तेव्हा हौशी माणूस म्हणूनच बोलतोय.

टिळकवाडीकरांचं उत्तर बरोबर, पण कारण अर्धवट सांगितलं. शर्ट-टाय हा भाग झाला. खरी गोष्ट ही की वैमानिक उभा नसतो, बसलेला असतो. वरून पॅराशूटचे पट्टे, खांद्यावरून आणि मांड्यांमधून. त्या पट्ट्यांखाली लांब जॅकेटाचा घोळ गोळा झाला तर तासन्‌तास टोचत राहणार. म्हणून ते कमरेवर तोडलंय.

तुम्ही सगळे आरशासमोर छाती काढून उभे राहता आणि फिटिंग ठरवता. दुकानात स्टूल मागा. चेन गळ्यापर्यंत लावा आणि बसा. समोरचा भाग फुगून हनुवटीला टेकला तर जॅकेट लांब आहे. रिब पट्ट्यापासून सुटून बरगडीवर चढली तर आखूड. बसल्यावर जे जागेवर राहतं ते तुमच्या मापाचं. निपाणीच्या साहेबांनाही हेच लागू, पँट कुठली का असेना.

चोर्लावाली

काकांना पूर्ण पाठिंबा, पण एक पायरी पुढे. स्टुलावर बसून दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. मग ए-2 ची खरी परीक्षा.

मी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत गोव्याला बाइकवर जाते. थंडीत पहाटे निघालं की कणकुंबीच्या पुढे जंगलातला गारठा हाडात शिरतो, तेव्हा जॅकेट लागतंच. ए-2 ची पाठ एका अखंड तुकड्याची असते, चुण्या नाहीत. टिळकवाडीकर म्हणतात तसं हाडावर शिवण असलेलं घट्ट जॅकेट घालून हात पुढे केले की दोन्ही खांद्यांच्या मधे कातडं ताणून तट्ट होतं. ते ताणलं की बाह्या मागे ओढल्या जातात, मनगटाची रिब हातमोजा सोडून वर सरकते आणि त्या उघड्या पट्टीवर वारा असा लागतो की बोटं बधिर. त्याच वेळी मागची रिब वर चढते आणि कंबर उघडी पडते. उभं राहिल्यावर यातलं एकही दिसत नाही. उभं राहिल्यावर मीसुद्धा फोटोत छान दिसते.

अमेरिकी नौदलाचं जी-1 बघा. तेही शेळीच्या कातड्याचं, कमरेएवढंच, पण पाठीत दोन्ही खांद्यांमागे चुणी सोडलेली. हात पुढे केला की चुणी उघडते, मागे घेतला की मिटते. बाइकवर फिरणाऱ्याने व्हिंटेजचा हट्ट धरायचाच तर जी-1 चा धरावा. ए-2 च घ्यायचं तर पाठीत एक इंच जास्त हवंच, मग खांद्याची शिवण थोडी उतरली तरी गप्प बसायचं. आणि हे फॅशनचं जॅकेट आहे, यात कोपर-खांद्याला पॅड नसतात. लेदर आहे म्हणून पडल्यावर वाचवेल या भरवशावर कुणी राहू नका.

टिळकवाडीकर

ताई, चुणीचा मुद्दा बिनतोड. पण मग ते ए-2 च्या फिटिंगचं उत्तर नाही, ते "ए-2 घेऊ नका" असं उत्तर आहे. ए-2 बाइकचं जॅकेट नव्हेच. ते घालून माणूस विमानाच्या दांड्याला हात लावतो, आणि तो दांडा मांडीपाशी असतो, हँडलसारखा पुढे नाही.

चोर्लावाली

बेळगावात विमान कुणाकडे आहे सांगा. इथं जॅकेट घेणारा माणूस दुचाकीवालाच. मग माप दुचाकीचं धरायचं की 1931 चं?

शहापूरचा टेलर

आमच्यात लेदरचं काम येतंय म्हणून बोलतो. तुमचं भांडण चालू दे, पण घ्यायच्या आधी एवढं ऐका. कापडाचा कोट असला तर उसवून आत घेतो, बाहेर सोडतो, इस्त्री मारली की खूण जाते. लेदरला एकदा सुई गेली की भोक राहतंयच. आत घेता येतं, कारण जुनी भोकं आत दडतात. बाहेर सोडायला गेलं की जुन्या भोकांची रांग दर्शनी येते. मापं घेताना टाचणीसुद्धा लावत नाही आम्ही, कागदाच्या क्लिपा लावतो.

बाही आखूड होतेय. रिब सोडवायची, लेदर कापायचं, तीच रिब परत बसवायची. कंबरेची रिब ढिली पडली तर नवीन घालून मिळते. बाजूनं थोडं आत घेता येतं, पण खिशाची झाकणं बाजूच्या शिवणीला फार जवळ आली की तोंडावळाच बिघडतो. खांद्याला मात्र हात लावायचा नाही. पट्टी, कॉलर, बाहीचा घेर सगळं तिथं एकमेकांत अडकलंय. एक उसवलं की सगळं उसवायचं. खांदा उतरलेलं जॅकेट घेऊन लोक येतात, ऑनलाइन स्वस्त मिळालं म्हणून. परत पाठवतो.

म्हणून खांदा आणि पाठ दुकानातच बघा, बाकीचं आम्ही बघतो.

अथणीचा चामडेवाला

टिळकवाडीकर, "लेदर आहे, सैल पडतं" हे जे लिहिलंय ते अर्धवट. कुठलं लेदर? आमच्या घरात पिढ्यानपिढ्या कातड्याचं काम. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जी.आय. (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यात कर्नाटकाच्या बाजूनं बेळगाव जिल्हापण आहे हे कोल्हापूरवाले विसरतात, असो. चपलेचं कातडं हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेलं, तेल पितं, पायाचा आकार घेतं. ते बघून लोकांना वाटतं जॅकेटपण तसंच होणार.

जॅकेटाचं लेदर बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं असतं. मेंढीचं असलं तर मऊ, ताणतं पण लवकर, आणि ताणलं की तसंच राहतं, कोपराला पिशवी होते. शेळीचं बारीक दाण्याचं, चिवट, अंगाला हळूहळू बसतं. युद्धाच्या वेळचं जुनं ए-2 बहुतेक घोड्याच्या कातड्याचं, ते सुरुवातीला ताठ, वळ्या पडतील तिथंच वाकणार. पण कुठलंही असू दे, छातीला-पाठीला थोडं सोडतं, लांबीला सोडत नाही. बाही आखूड घेतली तर ती आखूडच. काखेत कापतंय, श्वास घेताना चेनवर ताण येतोय, असं जॅकेट "सैल पडेल" म्हणून घेऊ नका. चेन आधी जाईल.

टिळकवाडीकर

बरं, घट्ट म्हणजे मी काखेत कापणारं म्हणत नव्हतो. हात डोक्यावर नेता आले पाहिजेत, चेन दोन बोटांनी लागली पाहिजे. त्याच्या आतलं घट्ट.

कॅम्पातला

तुम्ही सगळे चेन लावूनच बसलाय. बेळगावात जॅकेट लागतं किती वेळ? डिसेंबर-जानेवारीत पहाटे 14-15 अंश, दुपारी 30 च्या आसपास. अकरा वाजले की जॅकेट खांद्यावर नाहीतर गाडीच्या डिकीत. इथं कुणीही ते चेन उघडी ठेवूनच घालतो. उघडं जॅकेट जरा मोठं असलं की दोन्ही पल्ले पंखासारखे बाजूला जातात, मापात असलं तर सरळ खाली पडतात. म्हणून मी टिळकवाडीकरांच्या बाजूचा. स्वेटर आत घालायची वेळ आपल्याकडे येतच नाही.

पावसाळ्यात काय करता तेवढं कुणीतरी लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं माझं जॅकेट बुरशीने पांढरं झालं होतं.

अथणीचा चामडेवाला

प्लॅस्टिकमधून काढा. रुंद खांद्याच्या हँगरला, सुती कापड टाकून, वारा लागेल अशा ठिकाणी. बुरशी कोरड्या फडक्यानं घराबाहेर पुसा. उन्हात तापवू नका, ताठ होतंय.

हिंडलग्याचा पोटवाला

चर्चा छान, पण सगळी सडपातळ माणसांची. माझी छाती 40, पोट 43. खांद्याला बसतं ते पोटावर लागत नाही, पोटावर लागतं ते खांद्यावरून ओघळतं. ए-2 ची रिब पोटाच्या खाली बसवू की वर? खाली बसवली तर चेन नागमोडी होते, वर बसवली तर फुगा दिसतो. घ्यायचं कुठल्या मापाने?

टिळकवाडीकर

खांद्याच्या. चेन उघडी ठेवा.

चोर्लावाली

उघड्या चेनने गाडीवर? वारा आत शिरून जॅकेटाचा पतंग होईल.

शहापूरचा टेलर

पोटाच्या मापानं घ्या म्हणून मी तरी सांगणार नाही, खांदा मी दुरुस्त करू शकत नाही. छातीपेक्षा एक माप वर घ्या, 42. बाही लांब होईल ती मी कापून देतो. कंबरेची रिब बदलून थोडी रुंद, सैल विणीची घालू, म्हणजे पोटावर आवळणार नाही. चेन पोटावर लागते का ते बसून बघा, काका म्हणाले तसं. नाही लागली तर ए-2 तुमच्यासाठी नाही.

हिंडलग्याचा पोटवाला

म्हणजे ताईंचं जी-1 बघू? चुणी पोटाला पण असते का?

चोर्लावाली

पाठीलाच असते दादा. पण खांदे मोकळे झाले की 42 मध्ये पोटाला जागा शोधायला तुम्ही मोकळे. जी-1 च्या कॉलरला लोकर असते, ती तुम्हाला गरम होईल का ते बघा.

हिंडलग्याचा पोटवाला

गरम मला डिसेंबरातपण होतं. काळ्या रंगात मिळतं का?

टिळकवाडीकर

जी-1 गडद तपकिरी. काळ्याचं भांडण वेगळ्या धाग्यात.