दोतोर्नीत (मुलांच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गात) नारळ दाखवून त्रैक्य समजवलं तर चुकलं का?

मांडवीकाठी:
गेल्या रविवारी दोतोर्नीत एका पोराने विचारलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघं आहेत तर देव एक कसा. समोर नारळ होता, तो उचलून मी म्हटलं सोडण, करवंटी, खोबरं तीन पण नारळ एकच. मुलांना पटलं. नंतर एका वडीलधाऱ्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की ही चुकीची शिकवण, उपमा देऊच नका, विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची ठरलेली कबुली, पाठ करून घ्या बस. मनाला लागलंय ते.
अहो येशूने स्वतः मीठ, मोहरीचा दाणा, हरवलेलं मेंढरू असंच सांगितलं ना? बाईने तीन मापं पिठात खमीर लपवलं आणि सगळं पीठ फुगलं, स्वर्गाचं राज्य तसं आहे. आता आमच्या पोरांना खमीर म्हटलं तर ती नुसती बघत राहतात, पण सूर, म्हणजे माडाची ताडी, म्हटलं की लगेच कळतं कारण घरची सान्नां (तांदळाच्या इडल्या) सुराने फुगतात, जुने पोदेर, म्हणजे पाववाले, पावाचं पीठसुद्धा सुरावरच फुगवायचे. फादर स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ ला गोव्यात आले आणि ख्रिस्तपुराण लिहिलं ते मराठी ओवीत, १६१६ साली छापलं, त्यात मराठीला फुलांमधली मोगरी म्हटलंय. लोकांच्या ओळखीचं घेतलं म्हणूनच ते लोकांपर्यंत पोचलं.

रायबंदर_सांज:
वडीलधारे बरोबर बोलले, राग मानू नका. नुसती करवंटी हातात घेतली तर ती नारळ आहे का? नाही, नारळाचा तुकडा आहे. पण पुत्र हा देवाचा तुकडा नाही, पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव. काही जण पाणी, बर्फ, वाफ सांगतात, ते तर जास्त वाईट, म्हणजे एकच देव तीन सोंगं घेतो असं होतं, आणि सबेलियसच्या नावाने ओळखली जाणारी ही शिकवण चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलीय. चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने स्पष्ट म्हटलंय की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, फरक त्याहून मोठाच राहतो. आणि स्टीफन्सनी स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, मग ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे विष्णूचं घर येणारच ना. ओळखीचा शब्द आपला जुना अर्थ घेऊन येतो, माझी भीती ती आहे.

पेडण्याचा_कलमवाला:
मी शाळा कमी शिकलो पण मानकुराद आंब्याची कलमं तीस वर्षं बांधतोय. रोमकरांस पत्रात ११ व्या अध्यायात पौल म्हणतो रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडाला कलम केली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इगर्जीतच (चर्चमध्येच) मी चुळबुळलो, कारण आम्ही उलटं करतो, खुंट रायवळ आणि वर काडी मानकुरादची, फळ काडीचं लागतं. रानटी काडी चांगल्या खुंटावर बांधून कोण काय मिळवणार? मग पुढे वाचलं तर तोच म्हणतो की हे निसर्गाविरुद्ध आहे. म्हणजे परराष्ट्रीय, यहुदी नसलेल्या लोकांना देवाने जवळ घेतलं ते त्यांच्यात काही चांगलं फळ होतं म्हणून नाही. उपमा जिथे माझ्या धंद्याशी जुळेना तिथेच मला कृपा म्हणजे काय ते समजलं, दहा प्रवचनांनी कळलं नसतं. म्हणून उपमा बंद करा म्हणणं मला पटत नाही बाब.

फोंड्याची_शिक्षिका:
मी हिंदू आहे, तुमच्या धर्माच्या आतल्या गोष्टीत बोलणं बरं नाही पण मराठी शिकवते म्हणून सांगते. आमच्याकडे दृष्टांत एकदेशी असतो असं म्हणतात, तो एकाच अंगाने लावायचा. मुख चंद्रासारखं म्हटलं की कोणी डाग शोधत नाही. महानुभाव पंथाच्या दृष्टांतपाठ या जुन्या मराठी ग्रंथात दृष्टांत सांगून झाला की दार्ष्टांतिक वेगळं येतं, म्हणजे यातलं काय घ्यायचं ते. नारळात ती दुसरी पायरी राहिली असं मला वाटतं.

रायबंदर_सांज:
बाई, हे पटलं, पण आठ वर्षांचं पोर दुसरी पायरी घरी नेत नाही, नारळच नेतं. मी स्वतः पाणी-बर्फ-वाफ लहानपणी ऐकलं आणि चाळिशीपर्यंत तेच खरं धरून प्रार्थना केली. पुत्र पित्याशी बोलतो ते शुभवर्तमानात वाचायचो आणि मनात यायचं, मग हा स्वतःशीच बोलतो की काय. कोणी सांगितलंच नाही. म्हणून एवढं कळवळून लिहितोय.

मांडवीकाठी:
हे वाचून गप्प झालो, खरंच. तुकड्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण तुम्ही जो विश्वासांगीकार पाठ करा म्हणता त्यातच प्रकाशापासून प्रकाश आहे, ३२५ साली निसियात धर्मपंडित बसले आणि त्यांनाही पणतीवरून पणती लावल्यासारखीच उपमा लागली. मग मी कुठे जाऊ? येत्या रविवारी परत नारळ नेतो, मुलांसमोर फोडतो, करवंटी एकाच्या हातात देऊन विचारतो हा नारळ आहे का. ती नाही म्हणतील. मग सांगतो की इथे नारळ थांबला, देव असा नाही.

रायबंदर_सांज:
न्या. पण देव असा नाही हे तुम्ही सांगू नका, करवंटी हातात देऊन थांबा, त्यांना बोलू द्या. आणि पणतीसुद्धा न्या.