नाटकाची संहिता आधी मंजूर का करून घ्यायची?

तालीमवाला:
महाराष्ट्रात नाटकाची, अगदी स्पर्धेतल्या एकांकिकेचीही संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून आणावी लागते, हे बऱ्याच प्रेक्षकांना ठाऊकच नसतं. कादंबरीला ही अट नाही, अग्रलेखाला नाही. मग तेच वाक्य रंगमंचावर म्हणायला परवानगी कशाला? ही खोड इंग्रजांची. १८७६ मध्ये त्यांनी नाटकांसाठी खास कायदा केला, पुढे १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. त्यात व्हाइसरॉय कर्झनचं नावही नव्हतं. प्रेक्षकांना कीचकात तो दिसला, एवढाच गुन्हा! कुणी चिथावणी दिली तर खटला भरा, पुरावा मांडा. आधीच कात्री नको.

नांदी७:
साफ अमान्य. पुस्तक माणूस एकटा वाचतो. नाट्यगृहात शेकडो लोक एकत्र बसतात, एका वाक्यानं ठिणगी पडते. निकाल लागेपर्यंत मार कुणी खायचा? नटांनी आणि डोअरकीपरनं. प्रमाणपत्र हातात असलं की निर्मात्याला निदान पोलिसांसमोर उभं राहता येतं.

तालीमवाला:
कुठे राहता येतं? नथुरामवरचं नाटक १९९८ मध्ये मंडळाची मंजुरी घेऊनच आलं, तरी सरकारनं बंद पाडलं. २००१ मध्ये उच्च न्यायालयानं बंदी उठवली. त्या नाटकाचा विचार मला मुळीच पटत नाही, पण बंदी चूकच होती. आणि ठिणगीचं म्हणाल तर १९८९ च्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की निदर्शनांची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दडपता येत नाही. बंदोबस्त ठेवणं सरकारचं काम.

विंगेतून:
हौशी संस्थेत काम करते म्हणून सांगते. संहिता मंडळाकडे जाते तेव्हा तालमी सुरूच असतात. वाक्यं रोज बदलतात, प्रयोगात नट अ‍ॅडिशन घेतो, म्हणजे ऐनवेळी पदरचं वाक्य घालतो. मंजूर झालेला कागद आणि प्रेक्षक ऐकतात ते नाटक यांत बरंच अंतर असतं. वाईट याचं वाटतं की नवी पोरं लिहितानाच म्हणतात, ‘हे राहू दे, अडकेल.’ ती वाक्यं कुणी कापत नाही, ती लिहिलीच जात नाहीत.

नांदी७:
हा मुद्दा मान्य, पोरांनी घाबरून लिहू नये. पण बंदोबस्ताचं कोर्टात म्हणणं सोपं. तालुक्याच्या गावी प्रयोगाला दोन हवालदार असतात. तिथे जमाव आला तर? मंडळ काढा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. नाटक कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी आहे हा वयाचा शेरा तरी राहू द्या, कात्री काढून घ्या. एवढ्यावर मी यायला तयार आहे.

तालीमवाला:
वयाच्या शेऱ्याला माझी हरकत नाही. पण जमाव आला तर अडवायचं जमावाला, नाटकाला नाही.